उद्यान कोणाचे? इंदूर नगरीच्या बागांतून एक फेरी

खेड्यातील माणसाने बाग पाहण्यासाठी शहरात जावे, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. ज्याच्या परसात केळी आणि नारळी उभ्या आहेत, कुंपणाला अबोली फुलली आहे आणि पाटाच्या कडेने अळू माजले आहे, त्याला नगरपालिकेच्या फुलझाडांचे काय कौतुक? परंतु घरची वाडी आणि नगराचे उद्यान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाडी एका कुटुंबाची असते. तिचे फळ ते कुटुंब खाते आणि तिची निगाही तेच राखते. उद्यान सर्वांचे असते. त्याचा उपभोग घेण्यास सारे येतात. निगा राखण्यास कोण येतो, हा प्रश्न मात्र शिल्लक उरतो.

आज हा प्रश्न आपल्याही उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे. आपली खेडी झपाट्याने शहरे होत आहेत. वाड्या विकल्या जात आहेत, विहिरी बुजत आहेत, आणि जेथे मुले विटीदांडू खेळत तेथे चार मजली चाळी उठत आहेत. उद्या आपल्या नातवंडांना झाडाखाली बसावयाचे झाले, तर ते झाड कोणाच्या जमिनीवर असेल? याचा विचार करू पाहणाऱ्या कुटुंबाने एकदा मुलाबाळांसह इंदूरच्या बागा पाहून याव्यात. त्या नगरीत या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक काळ ऊहापोह चालला आहे आणि त्याची उत्तरे डोळ्यांनी पाहावयास मिळतात.

उत्तरेकडील मराठी घर

सातपुडा आणि विंध्य ओलांडून, नर्मदेच्या पलीकडे चढून गेले की माळव्याचे पठार लागते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंची, काळीभोर जमीन आणि थंड रात्री ही या प्रदेशाची लक्षणे होत. या पठारावर होळकरांनी राज्य केले. अहिल्याबाईंची राजधानी नर्मदातीरी महेश्वरी होती. पुढे १८१८ साली मंदसोरचा तह झाल्यावर होळकरांची राजधानी इंदुरास आली. दरबाराबरोबर मराठी कारकून, शिक्षक, वैद्य आणि शिलेदारही आले, आणि आज कित्येक पिढ्या लोटल्या तरी त्यांच्या घरांतून मराठी बोलली जाते. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली याच शहरात झाला.

शहराच्या नैऋत्येस, आग्रा-मुंबई या जुन्या हमरस्त्यालगत, राजेंद्र नगर ही वसाहत आहे. येथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. इंदूरहून महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिचे स्वतःचे स्थानक आहे, आणि लताबाईंच्या नावाचे सभागृहही येथेच उभारले आहे. आपल्याकडून जाणाऱ्या कुटुंबास येथे आप्तस्वकीय मिळाले तर उत्तमच. न मिळाले तरी मराठीत रस्ता विचारण्याची सोय खचित आहे. बागांची फेरी येथूनच सुरू करावी, याचे आणखी एक कारण आहे. अशा वसाहतींत घरांच्या रांगांमध्ये लहान लहान बागा राखलेल्या असतात. त्यांना नाव नसते, कारंजे नसते. दोन बाके, एक कडुनिंब, चार जास्वंदी आणि सायंकाळी गप्पा मारणारे वृद्ध एवढाच त्यांचा पसारा. पाहुणा या बागांकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु मोठ्या उद्यानात माणूस वर्षातून दोनदा जातो आणि दारच्या बागेत रोज बसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते.

राजाची बाग, प्रजेची बाग

राजेंद्र नगरहून शहराकडे निघाल्यावर पाहण्यासारखे पहिले मोठे स्थळ म्हणजे कान्ह नदीच्या काठचा लालबाग राजवाडा. या नदीस खान असेही म्हणतात. हा वाडा १८८६ ते १९२१ या काळात, होळकरांच्या पिढ्या बदलत असता, बांधून पुरा झाला. सभोवतालचे आवार सुमारे २८ हेक्टरांचे आहे. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांच्या धर्तीवर याची लोखंडी फाटके विलायतेत ओतवून जहाजाने आणविली होती. एके काळी ही बाग तिच्या गुलाबांसाठी प्रसिद्ध होती. त्या फाटकातून पूर्वी रयत आत येत नसे. आज शेतकऱ्याचे पोर आईचे बोट धरून आत जाते. हा पालट नजरेत भरावा म्हणून तरी ती फाटके पाहावीत.

शहराच्या मध्यवस्तीत नेहरू पार्क आहे. इंग्रजी अमदानीत याचे नाव बिस्को पार्क असे होते. स्वातंत्र्यानंतर ते बदलले. इंदूरच्या सार्वजनिक बागांत ही जुनी होय. नवलखा भागात १९७४ साली स्थापन झालेले कमला नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. त्याचे आवार पन्नास एकरांच्या घरात जाते. येथे होळकरांनी नऊ लाख झाडे लावली म्हणून या भागास नवलखा नाव पडले, असे लोक सांगतात. आकड्याची खातरजमा कोणी केली असेल की नाही कोण जाणे. परंतु एखाद्या राजाची आठवण झाडांच्या संख्येने राहावी, यातच त्या लोकांची आवड दिसते.

राजाची बाग प्रजेची झाली, म्हणजे फाटक उघडले. तेवढ्याने ती प्रजेची झाली काय? राजाच्या पदरी माळी असत आणि चूक झाली तर त्यांना जाब विचारणारा असे. प्रजेच्या बागेत प्रत्येकाला वाटते की जाब विचारणारा दुसरा कोणी तरी आहे. या अडचणीवर एका विलक्षण गृहस्थाने इंदुरातच उपाय योजून दाखविला. त्याची कथा मुलांना अवश्य सांगण्यासारखी आहे.

एक दिवसाचा महाराजा

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे रहिवासी, जन्म १८५४. मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक; पण झाडांच्या अभ्यासातून ते नगरांच्या अभ्यासाकडे वळले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यापूर्वी महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने त्यांना इंदूरची नगररचना करण्यास पाचारण केले होते. त्या वेळी शहरात प्लेगाचे भय होते. हातात नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबास पाहून लोक बिचकू लागले. साहेब घरे पाडावयास आला आहे, रोगराई आणावयास आला आहे, अशी भुमका उठली.

गेडिस यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली: मला एका दिवसापुरता महाराजा करा. मागणी मान्य झाली. १९१७ सालच्या दिवाळीत नगरातून मोठी मिरवणूक निघेल असे जाहीर झाले. परंतु ती नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या रस्त्यावरील लोक आपली घरे अधिकांत अधिक झाडून, सारवून, रंगवून ठेवतील त्या रस्त्याने ती जाणार होती. झाले! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. वर्षानुवर्षे साचलेला केर हजारो गाड्या भरून बाहेर गेला. उंदीर पकडण्याची मोहीम झाली.

मिरवणुकीचा थाट गेडिस यांनी स्वतः पुढे वर्णन करून ठेविला आहे. लक्ष्मी, हत्ती, वाद्ये हे सारे होतेच. मग आले राक्षस: घाणीचा एक प्रचंड राक्षस आणि प्लेगाचा भला मोठा उंदीर. त्यांच्यामागून शहरातील झाडू मारणारे कामगार चालत आले. त्यांचे कपडे शुभ्र पांढरे होते, गाड्यांना नवा रंग दिला होता, बैलांची शिंगे रंगविली होती, आणि प्रत्येकाच्या केरसुणीला फुले बांधली होती. डोक्याला त्यांनी नगराच्या रंगाचे नवे पागोटे बांधले होते. तेच पागोटे त्या दिवशी वरिष्ठांच्या डोक्यावरही होते. ज्यांची सावली लोक टाळीत, त्यांना भर रस्त्यात टाळ्या मिळाल्या. त्यामागून इंदूर नगरीची देवता आली. तिच्या निशाणावर शहराचा नवा आराखडा काढलेला होता. शेवटी माळ्यांच्या गाड्या होत्या, फळाफुलांनी लादलेल्या, आणि त्यांवरून तुळशीची रोपे लोकांना फुकट वाटली जात होती. मिरवणूक सार्वजनिक बागेत पोहोचली तेव्हा घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा उंदीर यांची होळी करण्यात आली.

त्यानंतर प्लेग ओसरला. ऋतुमान पालटल्याचाही त्यात वाटा होता, हे खरे. पण लोकांचे भय गेले आणि साहेबाच्या नकाशाकडे ते विश्वासाने पाहू लागले. गेडिस यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. जुन्या वस्तीतून नांगर फिरवावा तसे रुंद रस्ते काढू नयेत. पडके कोपरे आणि रिकाम्या जागा हेरून तेथे लहान चौक आणि बागा कराव्यात. नदीचे काठ घाणीच्या स्वाधीन न करता त्यांची उद्याने करावीत, असा त्यांचा सल्ला होता. घाण ही चुकीच्या जागी पडलेली दौलत आहे, तिची योग्य जागा बागेच्या मातीत आहे, असे त्यांचे मत होते. केरसुणीवाले आणि माळी एकाच मिरवणुकीत का चालले, याचे कारण येथे सापडते. त्यांच्या दृष्टीने नगर झाडणे आणि नगर फुलविणे हे एकच काम होते.

त्या सल्ल्यातील सर्व काही पार पडले नाही. नदीकाठाचे स्वप्न तर विशेषच अपुरे राहिले. विसाव्या शतकात शहर फुगत गेले तसतशी कान्ह नदी सांडपाण्याचा ओहोळ होत गेली आणि तिच्या शुद्धीचे प्रयत्न आजही करावे लागत आहेत. ज्या नगराला वेळीच बाग सुचविली गेली, तेथेही नदी हातची गेली. मग ज्या गावांना कोणी काही सुचवलेच नाही त्यांचे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

केरकचऱ्याचे सोने

गेडिस यांच्यानंतर काही वर्षांनी, त्याच नगरात, त्याच विचाराला शास्त्राचा आधार मिळाला. १९२४ साली इंदुरात वनस्पती-संशोधनाची एक संस्था निघाली. दरबाराने तिला सुमारे ३०० एकर जमीन दिली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथे कंपोस्ट खताची जी रीत बसविली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९३१ साली निघाले. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले, तेव्हा त्यांनी ही संस्था मुद्दाम पाहिली.

ही रीत आपल्या परसात करण्यासारखी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. उथळ खड्ड्यात किंवा ढिगात प्रथम पालापाचोळा, गवत, काडीकचरा यांचा थर द्यावा. त्यावर शेणाचा थर, आणि त्यावर गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व लाकडाची राख पसरावी. असे थरावर थर रचून पाणी शिंपावे. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असावा; चिखल होऊ देऊ नये, कारण हवा आत खेळली पाहिजे. साधारण पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा तो उलथावा. सुमारे तीन महिन्यांत त्याचे काळे, भुसभुशीत, वासरहित खत होते. माळव्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिकटून बसते. अशा जमिनीत बाग फुलवावयाची तर हे खतच तिला मऊ करते.

त्या संस्थेच्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. शहर वाढत वाढत तिच्या चारी बाजूंना येऊन भिडले. २०२२ साली तेथील जमीन शहराच्या अन्य कामासाठी घेण्याचा विचार निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. मोकळ्या जमिनीकडे पाहून प्रत्येकाला काही तरी सुचते. तिने मोकळेच राहावे, हे मात्र थोड्यांनाच सुचते.

केराची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक सांगितले पाहिजे. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरने वर्षामागून वर्षे पहिला क्रमांक राखला. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची शिस्त लोकांच्या अंगवळणी पडली, हे त्याचे मोठे कारण. देवगुराडिया येथे पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. ते उपसल्यावर सुमारे १०० एकर जागा मोकळी झाली, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तेथे दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू आणि खत करण्याचा कारखाना चालू झाला. शंभर वर्षांपूर्वी जळालेला तो घाणीचा राक्षस आठवतो आणि वाटते, त्याला नुसते जाळून भागत नाही. त्याला रोज कामाला लावावे लागते.

पाणी, पक्षी आणि रान

राजेंद्र नगरच्याच बाजूस, शहराच्या दक्षिण भागात, पिपल्यापाला तलावाभोवती मोठे उद्यान केले आहे. तळे आणि जमीन मिळून ते सव्वाशे एकरांच्या घरात जाते. त्यास अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव आहे. लोक साधेपणाने ‘रीजनल पार्क’ म्हणतात. मुलांना नौकाविहार आणि कारंजी आवडतील. शहराच्या दुसऱ्या टोकास, विजय नगर भागात, मेघदूत उपवन आहे. हे नाव कालिदासाच्या काव्यावरून घेतले आहे, आणि ते माळव्यास शोभते. कारण त्या काव्यातील मेघ रामगिरीहून, म्हणजे आपल्या विदर्भातील रामटेकहून, असे पुष्कळ विद्वान मानतात, उत्तरेस निघतो आणि वाट वाकडी करून उज्जयिनीस जातो. वाटेत बागांमध्ये फुले खुडणाऱ्या, घामाने भिजलेल्या स्त्रियांच्या मुखावर त्याने क्षणभर सावली धरावी, अशी कवीची विनंती आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजकवीला बागेतील मजूर बाई दिसली; आपणही उपवनात गेल्यावर खुरपे घेऊन बसलेल्या बाईकडे एकदा पाहावे.

धार रस्त्यावरील सिरपूर तलाव होळकरांनी बांधविला. पुढे त्याची हेळसांड झाली. पाणी आटले, काठ खचले, अतिक्रमणे झाली. चित्रकार आणि छायाचित्रकार भालू मोंढे व त्यांचे स्वयंसेवक सहकारी यांनी वर्षानुवर्षे त्याच्यासाठी खटपट केली. २०१६ साली मोंढे यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२२ साली सिरपूर पाणथळीस आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही ‘पाणथळ नगर’ हा जागतिक दर्जा लाभला. हिवाळ्यात सकाळी येथे गेले तर दूरदेशीचे बदक पाण्यावर उतरलेले दिसतात.

ज्यांना खरे रान पाहावयाचे आहे त्यांनी शहराबाहेरील रालामंडलच्या टेकडीवर जावे. ही होळकरांची शिकारीची जागा; माथ्यावर त्यांचे शिकारगृह अद्याप आहे. १९८९ साली सुमारे पाच चौरस किलोमीटरांचा हा टापू अभयारण्य म्हणून घोषित झाला. जेथे बंदुका घेऊन थोर पाहुणे चढत, तेथे आता शाळेची मुले पायवाटेने चढतात आणि हरणे पाहून परततात. वरून एका बाजूस शहर आणि दुसऱ्या बाजूस शेते दिसतात. शहर कोणत्या दिशेने सरकत आहे, हे सांगण्यास येथे वाटाड्या लागत नाही.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी इंदुरास पोहोचता येते. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम; सकाळसंध्याकाळ गारवा असतो, म्हणून मुलांसाठी आणि वृद्धांसाठी एखादे लोकरीचे वस्त्र बरोबर घ्यावे. दोन दिवस हाताशी असतील तर पहिल्या दिवशी लालबाग, प्राणिसंग्रहालय आणि सायंकाळी पिपल्यापाला पाहावे; दुसऱ्या दिवशी पहाटे सिरपूर किंवा रालामंडल, आणि दुपारनंतर मेघदूत उपवन. निरनिराळ्या ठिकाणांचे सुटीचे वार आणि प्रवेशमूल्य निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. डबा सोबत न्यावा. पण खरकटे व कागद तेथे टाकू नयेत. त्या शहरात असे करणाऱ्यास लोक तोंडावर बोलतात, आणि ते योग्यच आहे.

गावी परतल्यावर

१४ जुलै २०२४ रोजी इंदुरात एका दिवसात १२ लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम करण्यात आला. उत्साह मोठा आणि तो वाखाणण्यासारखाच. परंतु लावणीचा दिवस एकच असतो आणि पाणी घालण्याचे दिवस पुष्कळ. पहिले तीन उन्हाळे जो पाणी घालतो, झाड त्याचे. हे शेतकऱ्याला सांगावयास नको. उलट शहराने ते शेतकऱ्यापासून शिकावे.

आपल्या गावात उद्यान करावयास राजवाडा लागत नाही. तलावाकाठची चार गुंठे जागा, शाळेमागचा उकिरडा, बुजू घातलेल्या विहिरीभोवतीची पडीक जमीन, यांपैकी एखादी ग्रामपंचायतीच्या कागदावर बागेसाठी म्हणून नोंदवून घ्यावी. कारण जी जागा कागदावर कोणाची नाही ती लवकरच कोणाची तरी होते. एका कोपऱ्यात इंदूर पद्धतीचा खड्डा करावा, आणि आळीतील प्रत्येक घराने आपला पालापाचोळा त्यात टाकावा. प्रत्येक झाड एका घराच्या नावे द्यावे. त्या घराच्या लेकरांनी त्याला पाणी घालावे. सावलीसाठी कडुनिंब, आंबा, बहावा, करंज असे आपल्या मातीतले वृक्ष लावावेत. आणि गावच्या सणाला, जो माणूस वर्षभर गावाची वाट झाडतो, त्याला मिरवणुकीत पुढे चालवावे आणि त्याच्या केरसुणीला फुले बांधावीत.

तेव्हा कोणी विचारले की हे उद्यान कोणाचे, तर उत्तर देणे सोपे जाईल. ज्याने काल त्यातला केर उचलला आणि आज त्यात पाणी घातले, उद्यान त्याचे. आणि असे हात गावात जितके अधिक, तितके ते खऱ्या अर्थाने सर्वांचे.